अक्काची येळवस

बंगळुरात माझं शेत आहे असं सांगितलं की लोक माझ्याकडे दोनच तऱ्हांनी बघतात. काहींना वाटतं, म्हातारा थापा मारतोय. बाकीच्यांना वाटतं, थापा मारत नसेल तर वेडा आहे, शहाणा असता तर केव्हाच विकून मोकळा झाला असता. मी दोघांनाही चहा पाजत नाही.

शेत मात्र खरंच आहे. होसूर रोडवरून बोम्मसंद्रा ओलांडून आत वळायचं. पत्र्याच्या शेडांची रांग संपली की एका बाजूला उंच फ्लॅटांची भिंत लागते, दुसऱ्या बाजूला जुनी केरे, म्हणजे तळं. मधला तुकडा आमचा. मी दयानंद, मूळचा भालकीचा. आम्हा बिदरकडच्या लोकांची घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि भांडताना जी आधी तोंडात येईल ती. मी इथे कारखान्यात फिटर म्हणून आलो तेव्हा या भागात नाचणी डोलत होती, आणि इलेक्ट्रॉनिक सिटीच्या डोक्यावरून जाणारा तो रस्ता कुणाच्या स्वप्नातही नव्हता. गावाकडची कोरडवाहू जमीन विकून मी इथे हा तुकडा घेतला. नोकरदार माणसाला शेत कशाला हवं, असं सगळ्यांनी विचारलं. मला नकोच होतं. माझ्या थोरल्या बहिणीला हवं होतं.

तिचं नाव तानूबाई, पण तिला सगळे अक्काच म्हणतात. माझी बायको महानंदा, मुलगी शिवानी, भाजीवाला, बसचा कंडक्टर, झाडून सगळे. ऐन तरुणपणी विधवा होऊन ती माहेरी आली आणि तेव्हापासून शेतातच राबली. गावची जमीन विकायचं ठरलं तेव्हा ती रडली नाही, भांडली नाही. "जिकडं नेशील तिकडं माती आसू दे," एवढंच म्हणाली. मी कागदावरचा मालक, पण शेत अक्काचं. मी कारखान्यात पाळीला जायचो, ती बांधावर. आता ती ऐंशीच्या पुढे गेली आहे. नक्की किती, हे विचारलं तर चिडते, कारण ते तिलाही माहीत नाही.

आता येळवस. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला आम्ही येळवस म्हणतो. बिदर-लातूरकडच्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही, आणि इतरांना सांगून समजत नाही. दिवाळी चुकली तर चालेल, येळवस चुकायची नाही. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळे शेतात. कडब्याची कोप उभी करायची, म्हणजे छोटं खोपटं. आत पाच दगडांना चुना फासून पांडव मांडायचे. आंबील शिंपडत शेताभोवती फिरायचं आणि "ओलगे ओलगे सालम पोलगे" असं ओरडायचं. याचा अर्थ मला विचारू नका. माझ्या बापालाही येत नव्हता, पण आवाज त्याचा सगळ्यात मोठा असायचा.

मग जेवण. बाजरीचे उंडे, आंबील, गव्हाची खीर, आणि भज्जी. ही भजी नव्हे, भज्जी. शेतातल्या सगळ्या ओल्या शेंगांचे दाणे, हरभऱ्याचा पाला, मेथी, चुका, चिंचेचा कोळ, डाळीचं पीठ, सगळं एका पातेल्यात रटरटतं. आणि मुख्य गोष्ट अशी की बांधावरून जो कुणी जाईल त्याला हाताला धरून आणायचं आणि जेवू घालायचं. ओळख नको, जात नको. त्या दिवशी आपल्या शेतावरून कुणी उपाशी गेलं तर वर्ष वाया गेलं, अशी आमच्याकडची समजूत आहे.

बंगळुरात तेव्हा बिदरकडचे कितीतरी लोक कारखान्यांत होते. पीण्याला, जालहळ्ळीला, कुठे कुठे. पण शेत असलेला मी एकटा. त्यामुळे येळवस आली की सगळे आमच्याकडे. पाळ्या बदलून घेतलेल्या, उंड्यांची गाठोडी मांडीवर, दोन-दोन बस बदलून बायका-पोरांसह लोक यायचे. माझा मित्र बसवंत आदल्या दिवशीपासून उपास धरायचा. देवासाठी नव्हे, भज्जीसाठी. अक्का चुलीशी बसलेली असायची, महानंदा पत्रावळी मांडायची, आणि मी रस्त्यावर उभा राहून माणसं पकडायचो. लॉरीवाले, मेंढरंवाले, एकदा तर वीज तोडायला आलेला लाइनमनही पकडला होता. तो जेवला आणि वीज न तोडता गेला. आजूबाजूचे गाववाले याला "बिदरवाल्यांचा हब्ब", म्हणजे सण, म्हणायचे आणि न बोलावता यायचे. संध्याकाळी उन्हं तळ्यावर उतरायची, पोटं तट्ट फुगलेली असायची, कुणीतरी भारूड म्हणायचं, आणि मला वाटायचं की भालकी काही फार लांब नाही. तसं पुन्हा कधी वाटलं नाही.

मग वरच्या अंगाला एक शेड आली. लोखंडी सुट्या भागांवर मुलामा चढवायची. तिचं पाणी नाल्यात सुटायला लागलं आणि नाला आमच्या शेतातून तळ्यात जायचा. कधी हिरवट पाणी, कधी पिवळं. पहिल्यांदा पानांच्या कडा करपल्या. मग तळ्यातले मासे पोट वर करून तरंगले. आम्ही तक्रारी केल्या, हेलपाटे घातले, शेवटी एक साहेब येऊन माती नि भाजी तपासून गेला. मातीत जड धातू मुरलेत, इथलं काही खाऊ नका, असं म्हणाला. आणि गेला. त्याचं काम तेवढंच होतं.

त्या वर्षी अक्कानं उभं पीक उपटून टाकलं. येळवस बंद झाली. पुढे काही वर्षं महानंदा त्या दिवशी घरीच गॅसवर बाजारच्या भाजीची भज्जी करायची. अक्का चार घास खायची आणि ताट सरकवून म्हणायची, "जेवन बरं हाय. येळवस न्हवं ही." शेड पुढे बंद पडली, कुलूप लागलं, मालक कुठे गेला देव जाणे. पण जे मुरायचं ते मुरलं होतं. शेतात घाणेरी माजली. घ्यायला येणारे दलाल वाढले. मी एकदा अक्काला विचारलं, विकून टाकू का? ती म्हणाली, "आजारी मानसाला कुनी इकतंय व्हय?"

पुढचं सगळं शिवानीनं केलं. ती इलेक्ट्रॉनिक सिटीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. साथीच्या काळात घरी बसून काम करायची तेव्हा तिला शेताचं वेड लागलं. रात्रंदिवस वाचायची, कुणाकुणाला फोन करायची. तिची मैत्रीण संहिता एका प्रयोगशाळेत आहे, तिलाही तिनं कामाला लावलं. एक दिवस येऊन म्हणाली, "अप्पा, माती बदलायची गरज नाही. मोहरी आणि सूर्यफूल पेरायचं. ती मुळांनी धातू वर ओढतात. मग ती कापून शेताबाहेर काढायची. असं पुन्हा पुन्हा. उरलेलं शेणखत आणि कोळशाने मातीत बांधून ठेवायचं, म्हणजे ते भाजीत चढत नाही. फक्त पेशन्स पाहिजे."

मला वाटलं होतं एका हंगामात होईल. पी हळद आणि हो गोरी, हा माझा स्वभावच आहे. पण लागली ती वर्षं. नाल्याच्या कडेनं वाळा लावला. नारळाच्या करवंट्या आणि घाणेरीच्या फांद्या खड्ड्यात कोंडून जाळल्या, कोळसा केला, तो शेणाच्या काल्यात भिजवून मातीत मिसळला. पालापाचोळ्यासाठी मी फ्लॅटांच्या फाटकांवर जायचो. तिथली माणसं झाडांची पानं गोणीत भरून कचऱ्यात टाकतात, म्हणजे सोनं फेकून वर दाराला कुलूप लावतात. तिथला एक वॉचमन, ओडिशाकडचा, माझ्याकडे चोरासारखा बघायचा. पुढे तोच फोन करायला लागला, "अंकल, पत्ता रेडी है." विकत असं जवळजवळ काही आणलंच नाही. घाम मात्र रग्गड गेला.

अक्काचं आणि शिवानीचं एकाच गोष्टीवरून वाजायचं. मोहरी फुलावर आली की शिवानी ती कापायला लावायची. खायची नाही, गुरांना घालायची नाही, जाळायची नाही, खतातही टाकायची नाही. वाळवून बांधावरच्या सिमेंटच्या बंद टाकीत ठेवायची, मग धोकादायक कचरा नेणाऱ्यांच्या ताब्यात द्यायची. आमच्या अक्कानं जन्मात कधी हिरवी काडी वाया घालवली नव्हती. तिच्या दारचा उकिरडा म्हणजे तिची बँक. "खायाचं न्हाई तर पेरायचं कशाला? ह्ये कुठलं शास्तर?" असं ती म्हणायची. शिवानी समजावून सांगायची, अक्का हूं हूं करायची. पुढे पुढे तिनं भांडणं सोडलं आणि कापणीचं काम स्वतःच्या हातात घेतलं. आम्हाला वाटलं, पटलं बुवा एकदाचं.

शेताच्या वरच्या टोकाला एक मुरमाड उंचवटा आहे. नाल्याचं पाणी तिथवर कधी चढलंच नाही, त्यामुळे तिथली माती धुतल्या तांदळासारखी, पण निव्वळ खडी. अक्कानं तो कोपरा दगड वेचून वेचून साफ केला, आपल्या उकिरड्याचं खत भरलं आणि पालेभाजीची छोटी मळई केली. तिथे मेथी, चुका, हरभरा असा काही तरारला की रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. आम्ही तिला चिडवायचो, बारा वर्षांनी उकिरड्याचीही दैना फिटते म्हणतात, तुझ्या उकिरड्याची फिटली. ती पदर तोंडाला लावून हसायची.

गेल्या वर्षी मुख्य शेताची माती तपासून आली. संहितानं सांगितलं, शेंगांचं पीक घ्यायला हरकत नाही, फक्त खाण्याआधी शेंगा एकदा तपासून घ्या. पालेभाजी तिथे इतक्यात नको. आम्ही तूर, वाल, चवळी पेरली. हरभऱ्याच्या आणि पाल्याच्या भाज्या अक्काच्या कोपऱ्यात होत्याच. माती उकरली की गांडुळं दिसत होती. अक्का प्रत्येक गांडूळ महानंदाला बोलावून दाखवायची, नातू झाल्यासारखी.

आणि मग तिनं जाहीर केलं, "औंदा येळवस करायची."

तिला दुसरं काही नको होतं. ना तीर्थ, ना देव. डोळे मिटायच्या आधी एकदा आपल्या मातीतली भज्जी आपल्या हातानं लोकांना वाढायची, एवढंच. तिनं शिवानीकडून सगळ्यांना फोन लावून घेतले. कितीतरी जण आता नव्हते, त्यांच्या मुलांना बोलावलं. बसवंतला दोनदा लावला. तो म्हणाला, "अक्का, मला शुगर झाली." अक्का म्हणाली, "भज्जीत साखर नसती. ये."

शिवानीनं तोडलेल्या शेंगा संहिताकडे पाठवल्या. सोबत मळईतल्या पाल्याचीही एक पिशवी दिली, आपली उगीच, हातासरशी. निकाल दोन दिवस आधी यायचा होता, पण प्रयोगशाळेचं यंत्र बिघडलं. आम्हाला कुणालाच काळजी नव्हती. मातीच स्वच्छ आली म्हटल्यावर शेंगांना काय होणार, आणि अक्काच्या कोपऱ्याला तर कधी ते पाणी शिवलंच नव्हतं.

येळवसीच्या दिवशी सकाळी ऊन कोवळं होतं. कोप उभी राहिली. कडबा मिळाला नाही म्हणून मक्याच्या धाटांची केली. पांडव मांडले. अक्कानं ठेवणीतलं इरकल नेसलं होतं. तिला इरकलात बघून मला आमची आई आठवली आणि मी डोळे पुसले. आता रडण्याचं वय राहिलं नाही म्हणून मी चुलीतला धूर डोळ्यात गेल्याचं सांगितलं. चूल अजून पेटायची होती. महानंदानं फक्त माझ्याकडे बघितलं.

हळूहळू माणसं जमली. बसवंत काठी टेकत आला. जुन्या मित्रांची मुलं आपापल्या गाड्यांतून आली, त्यांच्या बायका पुण्या-नागपूरच्या, त्यांची पोरं इंग्रजी बोलणारी. मी "ओलगे ओलगे" म्हणत आंबील शिंपडत निघालो तेव्हा ती पोरं मागे लागली आणि चुकीचं का होईना, बेंबीच्या देठापासून ओरडली. पानं गोळा करून ठेवणारा तो वॉचमनही आला, त्याचे दोन सोबती घेऊन. मळईतला हिरवागार पाला आणि शेतातल्या शेंगांचे दाणे अक्कानं स्वतः पातेल्यात घातले. कोळ पडला, पीठ पडलं, आणि तो वास सुटला. बसवंतनं डोळे मिटले. मीही मिटले. कारखान्याचा भोंगा, गाठोड्यातले उंडे, तळ्यावरची उन्हं, सगळं एकदम परत आलं.

लोक पंगतीला बसले. अक्कानं पळी हातात घेतली. तेवढ्यात शिवानीनं मला कोपेच्या मागे ओढलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"संहिताचा फोन होता, अप्पा. शेंगा ओके आहेत. सगळ्या."

"मग तोंड का असं?"

"मळईचा पाला खराब आहे. लिमिटच्या खूप वर."

"शक्यच नाही. तिथं नाल्याचं पाणी पोचलंच नाही कधी."

"मीही तेच म्हटलं. तिने पुन्हा चेक केलं."

मी पंगतीकडे बघितलं. अक्का महानंदाला कुठून वाढायला सुरुवात करायची ते सांगत होती. "आज एक दिवस खाल्लं तर काय होतं?" मी विचारलं.

"एका जेवणाने काही होत नाही. वर्षानुवर्षं रोज खाल्लं तर त्रास होतो."

"मग गप्प बस. जेवणं होऊ देत. उद्या सांगू."

मला त्या क्षणी दुसरं काही दिसतच नव्हतं. अक्कानं इतकी वर्षं या दिवसाची वाट बघितली होती, आणि तिच्या हातातली पळी मी काढून घ्यायची? माझ्यात तेवढी हिंमत नव्हती.

अक्काला कमी ऐकू येतं. मोठ्यानं सांगितलेलं तर मुळीच ऐकू येत नाही. पण कुजबुज तळ्यापलीकडून ऐकू येते. ती पळी घेऊन आमच्यासमोर येऊन उभी राहिली.

"काय म्हणायली पोरगी?"

"काही नाही अक्का. ऑफिसचं काहीतरी."

"आज ऑफिस न्हाई तिला. शिवानी, तू सांग."

शिवानीला खोटं बोलता येत नाही. आईवर गेली आहे. तिनं सगळं सांगून टाकलं.

अक्कानं मळईकडे बघितलं. मग तिनं विचारलं, "मोहरीच्या ताटात त्ये इख चढतंय म्हनलीस न्हवं?"

"हो."

"आन् ती ताटं कुजल्यावर?"

"कुजली तरी ते जात नाही अक्का. पुन्हा मातीत उतरतं."

अक्का बांधावर बसली.

"मंग म्याच घातलंय," ती म्हणाली. "टाकीत निम्मीच टाकायची. निम्मी उकिरड्यात, शेनाखाली. सोन्यावानी ताटं. फेकायला हात धजंना बघ. माय म्हनायची, उकिरड्यात समदं शुद्ध हुतंय. म्हनून वाटलं, मानसानं खायाचं न्हाई, गुरानं खायाचं न्हाई, पर माती तर खाईल."

शिवानी तिच्याजवळ बसली आणि तिचा हात धरला. पंगतीतून कुणीतरी "अक्का, वाढा की" म्हणून हाक मारली. हसण्याचा आवाज आला.

मी म्हणालो, "अक्का, जे झालं ते झालं. एका दिवसाच्या जेवणानं कुणाला काही होत नाही. विचार शिवानीला. तू वाढ. तुझा दिवस आहे."

अक्कानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे. लहानपणी मी शाळा बुडवून घरी आलो की बघायची तसं.

"त्या शेडवाल्यानं बी आसंच म्हनलं आसंल, दयानंदा. एका दिसाचं पानी हाय, सोडा. काय हुतंय?"

अक्का उठली, पदर खोचला आणि पंगतीसमोर गेली.

"भज्जी कुनी खायाची न्हाई," ती मोठ्यानं म्हणाली. "माज्या हातनं चूक झाली. पाल्यात इख हाय. पोरांनी तर हात बी लावायचा न्हाई."

अक्कानं वॉचमनला आणि त्याच्या एका सोबत्याला खुणेनं बोलावलं. दोघांनी फडकी धरून पातेलं उचललं. ती पुढे, पातेलं मागे, बांधावरच्या टाकीपर्यंत. येळवसीच्या दिवशी अन्न सांडणं हे आमच्याकडे केवढं पाप, हे त्या ओडिशाच्या पोरांना ठाऊक नव्हतं. आम्हाला होतं. झाकण उघडलं आणि अक्कानं स्वतः पातेलं कलंडवलं. वाफ वर आली. अक्का रडली. आवाज न करता, पदर न लावता, सगळ्यांदेखत रडली. मी तिला भाऊजी गेले तेव्हाही असं रडताना पाहिलं नव्हतं.

बसवंतनं काठी आपटली. "मला शुगर आहे म्हणून देवानं एवढ्यांचं जेवण मोडलं काय?" तो ओरडला. "शिवानी, शेंगा बऱ्या हैत म्हणालीस ना?"

"हो काका, शेंगा चांगल्या आहेत."

"झाडाला हैत का अजून?"

"भरपूर आहेत."

"मग बसलाय काय सगळे? उठा!"

आणि पंगत उठली. साड्या खोचून, पँटी दुमडून माणसं तुरीत आणि वालात शिरली. ज्यांनी जन्मात शेंग तोडली नव्हती तेही तोडायला लागले, पुण्याची एक सून तर फुलंच तोडत होती, तिला महानंदानं आवरलं. सोलायला सगळे गोल करून बसले. पातेलं घासूनपुसून पुन्हा चुलीवर चढलं. ऊन कलायला लागलं तेव्हा नवी भज्जी झाली. पाला नव्हता, मळईतला हरभरा नव्हता, फक्त तूर, वाल, चवळी, आणि बाजारची चिंच. अक्कानं वाढलं. प्रत्येक पत्रावळीपुढे वाकून, "घे, घे" म्हणत वाढलं. बांधावरून जाणारा एक मुलगा खाण्याची पार्सलं पोचवायला निघाला होता, त्यालाही मी हाताला धरून बसवलं. तो जेवला आणि म्हणाला, "तुंब चन्नागिदे अण्णा."

खरं सांगायचं तर तितकी चांगली नव्हती. पाल्यावाचून भज्जीला ती चव येत नाही. बसवंतनं तीनदा मागून घेतली, पण त्यालाही ते कळलं होतं. सगळ्यात शेवटी अक्का जेवायला बसली. एक घास घेतला, चघळला.

"आळनी हाय," ती म्हणाली. मग आणखी एक घास घेतला. "पर आपली हाय." आणि तिनं पत्रावळ पुसून खाल्ली.

निघताना ती वाटेवर उभी राहिली आणि एकेकाला हाताला धरून सांगू लागली, "फुडल्या येळवसीला बी या हं. पाला बी आमचा आसंल तवा." जुने लोक तिच्या पाया पडले. पोरांना तिनं उरलेले उंडे बांधून दिले.

सगळे गेल्यावर मी चुलीवर पाणी मारलं. अक्का मळईच्या कडेला बसून हिरवागार पाला मुळासकट उपटत होती आणि टाकीत टाकण्यासाठी वेगळा ढीग करत होती, यावेळी सगळाच्या सगळा. मला आधीच वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो.

"काय बोलावणं करतेस ग सगळ्यांना?" मी म्हणालो. "शिवानी काय म्हणाली ऐकलंस ना? या कोपऱ्याला पुन्हा पहिल्यापासून मोहरी. पुढच्या वर्षी काही नाही व्हायचं इथं. वर्षं लागतील."

"लागू दे की."

"अग, पण तोवर तू..."

अक्कानं हातातली मेथीची जुडी ढिगावर टाकली आणि हाताची माती झटकली.

"तोवर म्या नसले तर तू वाढ," ती म्हणाली. "पर आदी तपासून घे. मंग वाढ. आन् बसून ऱ्हाऊ नगं, अंधार पडाय लागला. मोहरीचं बी घेऊन ये जा."

मी उठलो आणि कोपेत ठेवलेली बियांची पिशवी आणायला गेलो.